जेवल्यावर पाण्यात नाही

मी भित्री आहे. लपवून उपयोग नाही, बसमध्ये चढतानाच माझा चेहरा ते सांगून टाकतो. स्पेनमध्ये ग्रानादात मला खिसेकापूंची भीती वाटली, सेव्हिलमध्ये वसतिगृहातल्या डुगडुगत्या पलंगाची, आणि पोर्तुगालात शिरल्यापासून समुद्राकाठच्या त्या पिवळ्या कड्यांची. माझी मैत्रीण देलिया मात्र पाठीवरची भलीमोठी बॅग घेऊन अशी चालायची, जसा काही सगळा किनारा तिच्या बापाने तिला आंदण दिला होता.

तशी ती कोळ्याचीच पोर, सिसिलीतल्या माझाराची. मी पालेर्मोच्या शिंपिणीची. नर्सिंगच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, एकत्र पास झालो, आणि इस्पितळाच्या पाळ्या मानगुटीवर बसण्याआधी महिनाभर भटकून घ्यायचं ठरवलं. पोहण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मला पोहता येतं म्हणजे लगेच बुडत नाही, एवढंच.

त्या दिवशी आम्हाला पुढच्या गावाला जायचं होतं. कड्यावरून रस्ता होता, पण वर ऊन नुसतं भाजत होतं. खाली छोट्या छोट्या वाळूच्या चौपाट्या होत्या, आणि कड्याला आरपार पडलेल्या भोकांतून एकीवरून दुसरीवर जाता येत होतं. देलिया म्हणाली, "खालून जाऊ. वाळू, सावली, समुद्र. फुकटात राजेशाही."

"आणि वर चढायला वाट नसली तर?"

"तर आल्या वाटेने परत. ओर्सोला, तुझ्या आईने तुला दुधाऐवजी काळजी पाजली का गं?"

गेलो. पहिल्या चौपाटीवर कड्यात जिना होता आणि बरीच माणसं होती. पण दुपार होताच ती सगळी चादरी झटकून, पोरांना ओढत जिन्याने वर निघाली. आम्ही पुढच्या भोकात शिरत होतो तेव्हा एका बाईने आमच्याकडे बघून जोरजोरात हात हलवले आणि काहीतरी ओरडली.

"जेवायला चाललेत," देलिया तिला हात करत म्हणाली. "आपल्यालाही बोलावतेय बिचारी. बघ, इथेसुद्धा माणसं वेळेवर जेवतात."

मलाही ते पटलं. आमच्याकडे दुपारी किनारा रिकामा होतो तो जेवणासाठीच, दुसऱ्या कशासाठी होणार?

भोकापलीकडची चौपाटी एकदम लहान होती. तिन्ही बाजूंनी कडा, समोर पाणी. आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. पाव, सार्डिनचा डबा, टोमॅटो, मेंढीच्या दुधाचं चीज असं आम्ही पोटभर हाणलं. देलिया टोपी तोंडावर घेऊन आडवी झाली आणि मिनिटभरात घोरायला लागली. मीही लवंडले.

पाय ओला झाला म्हणून मला जाग आली.

"देलिया, पाणी पुढे आलंय."

"एखादी मोठी लाट आली असेल. झोप."

"एखादी नाही गं. आपण डबा ठेवला होता तो दगड कुठेय?"

ती उठून बसली. डब्याचा दगड पाण्याखाली होता. ज्या भोकातून आम्ही कोरड्या पायांनी आलो, त्यात आता गुडघाभर पाणी खळखळत होतं. देलियाने समुद्राकडे पाहिलं, मग भोकाकडे, आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरला. तिला घाबरलेलं मी आजवर पाहिलंच नव्हतं.

"भरती," ती म्हणाली. "बाबा सांगायचे. बाहेरच्या मोठ्या समुद्राला भरती असते म्हणे."

आमचा भूमध्य समुद्र घरजावयासारखा एका जागी बसून असतो. फुगला तर वादळात, नाहीतर वर्षभर तीच त्याची रेघ. भरती आम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलेली, ध्रुवावरच्या अस्वलांच्या आगेमागे कुठेतरी.

"मग चल ना लवकर," मी बॅग उचलत म्हणाले. "अजून गुडघाभरच आहे."

"आत्ता? आत्ता तर जेवलोय."

हे ऐकून कोणी हसेल. आमच्याकडे कोणी हसत नाही. जेवल्यावर तीन तास पाण्यात पाऊल टाकायचं नाही, हे आम्ही चालायला शिकायच्या आधी शिकतो. पोटात अन्न आणि अंगावर गार पाणी, की पोटात कळ येते आणि माणूस दगडासारखा तळाला जातो. उन्हाळाभर आया किनाऱ्यावर घड्याळ धरून बसतात, आणि पोरं पाण्याकडे बघत रडत असतात. नर्सिंगच्या पुस्तकात मी हे बरंच शोधलं होतं. कुठे सापडलं नाही. पण पुस्तक एकीकडे आणि आई एकीकडे. मी बॅग खाली ठेवली.

"उतरेल पाणी," देलिया म्हणाली. "थोडं थांबू."

थांबलो. पाणी उतरलं नाही. आम्ही बॅगा मागे घेतल्या, पुन्हा मागे घेतल्या, शेवटी पाठ कड्याला लागली. मी मोबाईल उंच धरून नाचले, पण त्या घळीत रेंजचा पत्ता नव्हता. ओरडून घसा बसला. वर चढायला म्हणून एका दगडाला हात घातला तर तो ओल्या बिस्किटासारखा हातात आला, आणि मागोमाग मातीचा ढीग खांद्यावर कोसळला.

तेव्हाच मला ते शिंपले दिसले. काळे, बोटाएवढे, कड्याला घट्ट चिकटलेले. ते माझ्या कमरेपाशी होते, छातीपाशी होते, डोक्याच्या वरही होते. मी हात उंच करून सगळ्यात वरच्या शिंपल्याला लावायला गेले. हात पोहोचला नाही.

शिंपले कोरड्यावर वाढत नाहीत, हे कळायला कोळ्याची पोर असावं लागत नाही.

"देलिया, पाणी इथवर येतं. आपल्या डोक्यावरून. आत्ताच्या आत्ता निघायचं!"

भोकात आता छातीभर पाणी होतं. लाट शिरली की भोक अर्धं मिटायचं, मागे गेली की उघडायचं.

"मी नाही येणार," ती म्हणाली. कड्याला पाठ लावून, दोन्ही हात पोटावर घट्ट धरून ती उभी होती. "तू जा."

"वेडी आहेस का? तुझ्याशिवाय मी त्यातून जाईन? मला नीट पोहता तरी येतं का?"

"मला जमणार नाही, ओर्सोला. वीतो असाच गेला."

तिचा भाऊ लहानपणी समुद्रात गेला, एवढं मला ठाऊक होतं. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. आता लाटांच्या आवाजात ती भराभर बोलत सुटली. वीतो सहा वर्षांचा होता, ती आठची. त्याने भूक भूक केली म्हणून तिने आपला तेल लावलेला पाव त्याला दिला. तो खाऊन तो पाण्यात पळाला. त्याला बाहेर काढलं तेव्हा आईने पहिलं विचारलं, याला खायला कोणी दिलं?

"मी दिलं," देलिया म्हणाली. "मी मारलं त्याला."

मला रडू फुटलं, आणि त्याच वेळी इतका संताप आला की काय सांगू. पाणी मांड्यांपर्यंत आलेलं, आणि ही बया एका पावाच्या तुकड्यापायी माझ्यासमोर मरायला उभी!

"पावाने कोणी मरत नाही!" मी किंचाळले. "ऐकतेस का? मी पोटभर जेवलेय. चीज तर तुझ्या वाटचंही मीच खाल्लं. मी चालले बघ. मेले तर म्हण पावाने मेली!"

हे शौर्य नव्हतं. मागे कडा होता, त्यावर ते शिंपले होते, आणि मला त्यांची पाण्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. बॅग सोडून दिली आणि मी पुढे झाले. पाणी बर्फासारखं होतं. पोटात खरोखरच कळ आली आणि मला वाटलं, आई म्हणायची ते खरंच होतं, संपलं सगळं. तेवढ्यात लाट आली. तिने मला भोकाच्या भिंतीवर आपटलं आणि खाली ओढलं. नाकातोंडात पाणी गेलं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना.

कोणीतरी माझे केस धरले. आई गं, काय दुखलं! मग काखेत हात आला आणि देलियाचा आवाज कानाशी आला, "श्वास घे. आता लाट मागे जाईल. गेली, चल!" तिने मला त्या भोकातून ओढून नेलं, जसं तिचे बाबा भरलेलं जाळं ओढत असतील तसं. पलीकडच्या चौपाटीवरही पाणी आलं होतं, पण जिना होता. सातआठ पायऱ्या चढून कोरडं लागलं तिथे आम्ही कोसळलो. माझ्या कोपरातून रक्त येत होतं, दात वाजत होते. बॅगा, मोबाईल, सगळं गेलं होतं. मी जिवंत होते, आणि मला ते पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणावंसं वाटत होतं.

देलिया हात पोटावर ठेवून, डोळे मिटून बसली होती. कळेची वाट बघत होती. मीही तिच्याकडे बघत राहिले, नर्स असून.

बराच वेळ गेला.

"काही होत नाहीये," ती हळूच म्हणाली.

"होणारच नव्हतं."

"मग वीतो कशाने गेला?"

"लाटेने गेला असेल. लहान होता, कोणाचं लक्ष नसेल. मला काय माहीत, बाई? पाव नव्हता, एवढं नक्की. तू काही केलं नाहीस."

मला वाटलं, आता ती रडेल, माझ्या गळ्यात पडेल, हलकी होईल. तिने डोळे उघडले, आणि त्या भोकाच्या तोंडाशी होती त्याहून जास्त भीती मला त्यांत दिसली.

"आई तिथेच होती," ती म्हणाली. "खुर्चीत झोपली होती. मला पाव देताना तिने पाहिलंच नव्हतं, मी स्वतःच सांगितलं. त्यानंतर तिने घरात येईल त्याला तेच सांगितलं. पावाने गेला."

मी तिचा हात धरला. तो माझ्याहून गार होता.

"रोज संध्याकाळी मी तिला फोन करते, ओर्सोला. आज नाही केला तर ती काळजीने वेडी होईल. मी काय बोलू तिच्याशी?"