दोनदा फिरवलेला घाणा

विनेशने विडी पेटवली म्हणून थिनर भडकलं, असं कारखान्याच्या साहेबांनी ठणकावून सांगितलं आणि आमच्या आयेला ते पटलंही! काय म्हणावं या बाईला? पोराने विडी कधीच सोडलीय. पण मुरुडहून आल्यापासून ती जळितांच्या वॉर्डात त्याच्या उशाशी बसून त्यालाच बोल लावत होती. तो जगेल असं डॉक्टर म्हणत नव्हते. निदान आयेचे हे बोल ऐकत त्याने डोळे मिटू नयेत, एवढंच मला हवं होतं.

मी मृणाली, त्याची थोरली बहीण. माणगावच्या त्याच कारखान्यात मी माल तपासते. आम्ही थिनरसाठी काळ्या बादल्या बनवतो. त्यांच्या प्लास्टिकमध्ये कार्बनचे डोळ्यांना न दिसणारे लांब धागे असतात. धाग्याला धागा टेकतो, आणि थिनर ओतताना साचणारी वीज त्यांच्यावरून वायरीने जमिनीत जाते. ठिणगी पडायचं कारणच नाही.

मग पडली कशी? त्याच घाण्यातली उरलेली बादली मी मीटरला लावली. काटा ढिम्म हलेना, म्हणजे तिच्यातून वीज जातच नव्हती. कार्बन तर वजनाला बरोबर होता.

तशीच मिक्सिंगवाल्या काळूरामकाकांकडे गेले.

"तो घाणा दोनदा फिरवला गं मशीनमधून," काका खुशीत म्हणाले. "आधी ठिपके दिसत व्हते. भाकरीचं पीठ कसं, मळू तेवढं चांगलं. चकाकी बघ की!"

"अहो काका, धाग्यांचा भुगा केलात तुम्ही! तुकड्याला तुकडा टेकेना, मग वीज जाणार कुठून?"

काकांचा राग आला, पण साहेबांचा दुप्पट आला. माल झकास दिसतो म्हणून माझ्या तपासणीची वाट न बघता त्या माणसाने बादल्या थिनर भरायला विनेशच्या शेडमध्ये पाठवल्या होत्या. आणि वर विडीचा आळ!

रिक्षा करून दवाखान्यात पोचले. विनेशच्या तोंडावर चादर ओढलेली होती. आये बाकावर बसली होती.

"आये, त्याने विडी ओढली नव्हती गं. बादलीच खराब होती."

"तो मान हलवून न्हाय न्हाय करत व्हता," ती म्हणाली. "मी म्हटलं, मरताना तरी खोटं बोलू नको."