खाडीच्या पाण्यातली डाळ

कोपरीच्या मनुबाईला गर्व होता, आणि तो लपवायचे कष्ट ती घेत नसे. नवरा वादळात गेल्यावर तिने एकटीने मासळी विकून मुलाला वाढवलं. आता गोमाजी मुंबईच्या आगबोटीवर बॉयलरपाशी कामाला होता, आणि हे ऐकलं नाही असं माणूस खाडीकाठी शोधून सापडलं नसतं.

तिला मान खाली घालायला लावणारी एकच गोष्ट होती, गावची विहीर. पावसाळा सरला की तिचं पाणी असं खारट व्हायचं की डाळ दिवसभर रटरटली तरी दाणा कच्चाच. प्यायचं तेवढं पाणी बायका आगगाडीचे रूळ ओलांडून ठाण्याच्या तळ्यावरून आणत. रांधणं विहिरीच्याच पाण्यात. शेजारची हौसाबाई म्हणायची, ''देवानं आपलं मिठाचं पैसं तरी वाचवलं.''

माघात ठाकुर्लीचे दामाजी आपल्या तुळसासाठी स्थळ बघायला आले. मुलगा त्यांना पसंत पडला. पण दामाजी माळकरी, मासळी चालत नव्हती, म्हणून डाळ वाढली, आणि ती दातांखाली कचकचली. त्यांनी पत्रावळ बाजूला सारली.

''पोरगा सोन्यासारका हाय, बाय,'' ते म्हणाले. ''पन माजी पोर जन्मभर रूळ ओलांडून पानी वाहील, नि घरी कच्ची डाळ खाईल. मना नाय जमत.''

गोमाजीला राहवलं नाही. ''आमच्या बोटीवर समुद्राचंच पानी गोडं करतान.''

दामाजी हसले. ''खारं पानी उकळलं का आनखी खारं व्हतं. मिठागरावर जन्म गेला माजा, मना शिकवतंस?''

ते हसणं मनुबाईला झोंबलं. ती म्हणाली, ''चैताच्या पुनवेला या. खाडीच्या पान्यात डाळ शिजवून वाढते. दाना कचकचला तर तुमच्या पोरीचं नाव परत काढनार नाय.''

पाहुणे गेल्यावर गोमाजीने कपाळाला हात लावला. बोटीवरचं पाणी गोडं करणारं यंत्र त्यांच्या झोपडीएवढं होतं. तरी त्याने आईला समजावलं, की वाफ वर जाते, मीठ खाली राहतं, वाफ थंड केली की पाणी होतं.

''मंग त्यात काय मोठं?'' मनुबाई म्हणाली. ''भाताच्या झाकनाला घाम येतो. त्यो कवा खारट लागलाय?''

बोटीवरच्या साहेबाने गोमाजीला हेच सांगायला सबंध दुपार घेतली होती.

पुढच्या खेपेला त्याने मुंबईहून तांब्याची जुनी नळी आणली. मनुबाईने हंडीवर भोक पाडलेलं मडकं पालथं घातलं, भोकात नळी बसवली, सांध्याला तांदळाच्या पिठाचा लेप दिला, नळी गार पाण्याच्या परातीतून फिरवून खाली कोरा घडा ठेवला. पहिल्यांदा लेप फुटून सगळी वाफ छपराला गेली. दुसऱ्यांदा तिने लाकडं अशी सारली की हंडीतलं पाणी उसळून नळीत गेलं आणि घड्यात उतरलं ते खारटच. तेव्हा तिला कळलं, इथे घाई चालत नाही. आच मंद ठेवल्यावर थेंब पडू लागले. ती चुलीपासून हलली नाही, आणि बघायला आलेल्या हौसाबाईला तिने फुंकरसुद्धा मारू दिली नाही.

पुनवेला दामाजी सकाळीच होडीने आले. त्यांनी स्वतः खाडीतून हंडी भरली आणि चुलीसमोर ठाण मांडलं. घडा अर्ध्यावर आला तेव्हा गोमाजीने त्यांना चाखायला दिलं. त्यांनी हात आडवा केला. ''घोटभर पान्यानं जीभ फसते. डाळ फसत नाय.''

मनुबाईने हंडी चुलीवरच राहू दिली, घड्यातलं पाणी पातेल्यात ओतून शेजारच्या चुलीवर त्यांच्यासमोरच डाळ शिजायला घातली, हळद टाकली, लसणीची फोडणी दिली. अंगणात अर्धं गाव जमलं होतं. तिची मान ताठ होती.

दामाजींनी घास घेतला. डाळ लोण्यासारखी मऊ होती. त्यांनी दुसरा घास घेतला.

हौसाबाईने पातेल्यातली डाळ बोटावर घेऊन चाखली. ''अगो मनुबाय, ही तं अळनी हाय.''

मनुबाईने मीठ घातलंच नव्हतं. जन्मभर विहिरीच्या पाण्यात रांधलेला हात; मिठाकडे जायची त्याला सवयच नव्हती. ज्या दिवशी गाव बघायला जमलं, त्याच दिवशी तिने पाहुण्याला अळणी अन्न वाढलं होतं. आजवर कुणापुढे वाकली नव्हती ती, पण आता जमिनीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

दामाजींनी तिसरा घास खाल्ला. मग गावाकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते बोलले, ''मिठागरावर जन्म गेला माजा. आज खाडीच्या पान्यात शिजलेली डाळ खातंय, नि मना मीठ मागावं लागतंय. वाढ बाय, मीठ वाढ.''

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. दामाजी मात्र हसले नाहीत. ''रोज करशील हे?''

''रोज कसं जमंल? घडाभर पान्याला भारा लाकूड जातं,'' मनुबाई म्हणाली. ''रोज मी तळ्यावर जाईन. पन सून घरात तहानलेली ऱ्हायली, असं कवा व्हनार नाय. येळ पडली तं खाडी उकळीन.''

दामाजींनी मान डोलावली. ''मंग तुळसा तुजी.''

घरात मीठ नव्हतंच. मनुबाईने हंडी उतरवली. पाणी पार आटून तळाशी मिठाचा पांढरा थर धरला होता. तो तिने उलथन्याने खरवडला आणि ताठ मानेने व्याह्याच्या पत्रावळीवर वाढला.