सोम्याच्या गळ्यातला काळा पट्टा

पट्टाच आहे मी, मित्रांनो, आणि चांगलाच जुना. सोम्या बैलाच्या गळ्यातला, काळ्या चामड्याचा, पितळी कडीचा. आता दाराआडच्या खुंटीवर दोन तुकड्यांत लटकतो आहे. हसू नका. सांगतो ते गमतीचं नाही.

सोमलिंग नावाच्या कारागिरानं मला कापलं, शिवलं आणि तेल-मेण पाजून काळंभोर केलं. मंद्रूपच्या बाजारात कल्लप्पा आप्पांनी मला हातात घेतलं आणि आधी अंगठ्यावर उलटं वाकवलं. घडीवर माझा रंग उजळला. सोडल्यावर परत काळा झाला. "जित्तं चामडं हाय," आप्पा म्हणाले, आणि मी त्यांच्या घरचा झालो.

आप्पांचा एक नेम होता. कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेच्या बैलांच्या सणाला, मिरवताना बैलाची वेसण ओढायची नाही. वर्षभर राबतो, एक दिवस तरी त्याचं नाक दुखवू नये म्हणून. त्या दिवशी कासरा माझ्या कडीला बांधायचा. एवढा मोठा बैल, बाजूला वाजंत्री, पोरांचा कल्ला, आणि सगळी भिस्त माझ्यावर! मला केवढा अभिमान वाटायचा.

म्हणून सणाआधी आप्पा माझी सेवा करायचे. ओल्या फडक्यानं पुसायचे, सावलीत वाळवायचे, करंजाचं तेल थोडं थोडं जिरवायचे, मग तळहाताच्या उबेनं मेण चोळायचे. शेवटी कडीजवळ वाकवून बघायचे. गावात लोक म्हणायचे, "आप्पा, पट्टा कालच घेतल्यागत दिसतोय की!"

मग आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दोन सण मी खुंटीवरच राहिलो. धूळ बसली, मेण उडालं, अंग राखाडी झालं. यंदा डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि आप्पांनी हट्ट धरला, "सोम्याला येशीपातूर मीच नेणार." डॉक्टरांनी धुळीत हात घालू नका म्हणून बजावलं होतं, तेव्हा मला नीट करायचं काम थोरल्या लेकाकडं, गुरुशांतकडं आलं.

गुरुशांत सोलापुरात मोटारसायकलींच्या शोरूममध्ये कामाला. वाईट नाही हो पोरगा, पण भलताच घाईचा. त्यानं मला साबणाच्या पाण्यात बुडवून ब्रशनं घासलं. मृग कोरडाच चालला होता, ऊन नुसतं पेटलेलं. त्याच्या आईनं, रत्नम्मा अव्वानं, पत्र्यावर कुरडया घातल्या होत्या. आमच्याकडं जे वाळवायचं ते पत्र्यावरच. अव्वानं कुरडया सरकवून मला जागा करून दिली. अहो, मी काय तळून खायची वस्तू आहे? दुपारभर तापलो. आतलं उरलंसुरलं तेल आटलं. कडीजवळ बारीक चीर पडली, ती मला कळली. सांगणार कुणाला?

संध्याकाळी त्यानं माझ्यावर मेणबत्तीचं मेण वितळवून ओतलं, वर काळं बूटपॉलिश फासलं. चीर बुजली. मी असा चमकलो, की माझीच मला भीती वाटली.

आप्पांनी माझ्यावरून बोटं फिरवली. "वाकवून बगितलास का रे?"

"बगितलं की, आप्पा. लई झ्याक झालाय."

"कडीजवळ?"

"व्हय की!"

त्यानं बघितलं नव्हतं. आप्पांनी लेकाच्या शब्दावर मला तसंच खुंटीला अडकवलं. त्या वेळी एकदा, फक्त एकदा वाकवलं असतं तर!

कारहुणवीला सोम्याच्या गळ्यात पडलो. "काय चमकतोय!" जो तो म्हणत होता. प्रत्येक पावलाला चीर वाढत होती. वेशीत कडुनिंबाच्या पाल्याचं तोरण आडवं बांधलं होतं. पलीकडं गुरुशांत मोबाईल धरून उभा. तेवढ्यात कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवली. सोम्या उसळला, आप्पांनी कासरा ताणला आणि मी कडीपाशी तुटलो. आप्पा कोसळले. बिथरलेला सोम्या गरकन मागं फिरला आणि त्यांच्या अंगावरून गेला.

जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं. आता आप्पा खाटेवरच असतात. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि आप्पा सांगतात, "पट्टा जुना झाला हुता, दुसरं काय." मला संताप येतो. मग दिसतं, उशाला गुरुशांत मान खाली घालून बसलेला असतो. तुटल्या जागी चिरेत भरलेलं मेण आप्पांनी केव्हाच बघितलंय. तरी आळ माझ्यावर घेतात, म्हणून मीही गप्प राहतो.

परवा गुरुशांत सोम्यासाठी नवा पट्टा घेऊन आला. काळाभोर, तुकतुकीत. खाटेवरून आप्पांनी सवयीनं विचारलं, "वाकवून बगितलास का?"

गुरुशांतनं नवा पट्टा आप्पांच्या हातात ठेवला आणि त्यांचा अंगठा धरून कडीजवळ नेला. "तुमीच बगा, आप्पा. माज्यावर इश्वास ठेवू नका."

मित्रांनो, जुन्या वस्तूला चमकवण्याआधी तिला जरा तेल पाजा, सावलीत बसवा. आणि कुणी विचारलं, "बघितलंस का?", तर बघितल्याशिवाय हो म्हणू नका. मी तुटलो त्याचं काही नाही. पण परवाच्या त्या प्रश्नानंतर आप्पांनी लेकाला पुन्हा काही विचारलेलं मी ऐकलं नाही.