कुलपाआड रेवा

शर्मिलाताई रिछाई या कामगार वस्तीतल्या अंगणवाडीत बावीस वर्षं सेविका होत्या. जवळच्या कारखान्याचं काम ठेकेदाराकडे गेलं आणि तिथलं पाळणाघर बंद पडलं. तेव्हापासून तिथे पॅकिंगचं काम करणारी मोनाली आपल्या तीन वर्षांच्या लेकीला, रेवाला, खोलीत कोंडून कामावर जाऊ लागली.

एका दुपारी ताई वस्तीतून चालल्या होत्या. बंद खोलीच्या खिडकीतून रेवाने पाणी मागितलं. दाराला कुलूप होतं. ताईंनी शेजारून पेला आणून गजांतून दिला आणि दुखरे गुडघे चोळत तिथेच बसून राहिल्या.

संध्याकाळी मोनाली आली. "लेकराला कोंडून काहून जाते वं?" ताईंनी विचारलं.

"काय करू दीदी? ठेकेदार लेकरू आणू देत नाही, अन् अंगणवाडी एक वाजता सुटते." बोलता बोलता मोनालीला रडू फुटलं.

रागवायचं त्राण ताईंमध्ये उरलं नव्हतं. "उद्यापासून अंगणवाडीत सोड. सुटल्यावर मी घरी नेईन, संध्याकाळी तिथून घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या दारात मोनाली आणि रेवासोबत कारखान्यातल्या आणखी दोघीजणी आपापल्या मुली घेऊन उभ्या होत्या. ताईंनी थकलेला श्वास सोडला आणि तिन्ही पोरींना आत घेतलं.