शिट्टी बंद करावी

अन्नपूर्णा ग्रामसभेत आली तशा पुढच्या ओळीतल्या बायका सरकल्या. जागा द्यायला नव्हे हो, तिचा पदर लागू नये म्हणून! ती मागं गेली नाही. मिळाली त्या जागेत ऐन मधोमध बसली.

राईस मिलचा बॉयलर फुटून दोन महिने झाले होते. अकरा माणसं गेली. मालक नागपुरात जाऊन बसला, मॅनेजरचा फोन लागेना, आणि मालकाच्या वकिलानं कागदावर लिहून दिलं की जास्तीची वाफ सोडणारा वाल बॉयलर सांभाळणाऱ्या फायरमननं, केवळरामनंच, तारेनं बांधून ठेवला होता. झालं! मालक हाती लागत नाही, वकील लागत नाही, केवळरामची बायको मात्र रोज नळावर सापडते. मग तिचा हंडा रांगेतून भिरकावायचा, दुकानदारानं मिठाच्या पोत्याला टेकूनच 'मीठ संपलं' म्हणायचं. असली मर्दुमकी या गावाला शिकवावी लागत नाही.

आज मिलच्या फाटकाशी बसवायच्या दगडावर कोणाची नावं कोरायची, ते ठरणार होतं. सरपंच चैनलालनं यादी वाचली. दहा नावं.

अन्नपूर्णा उभी राहिली. "अकरावं कुठं आहे जी?"

"बस खाली," चैनलाल म्हणाला. "मारणाऱ्याचं नाव मेलेल्यांच्या रांगेत नाही बसत."

"तो का पळून गेलता? तोही तिथंच मेला ना."

"वाल कोणी बांधला मग?" तुलसा ओरडली. तिचा योगराज चोवीस वर्षांचा होता, धान उकडायच्या टाकीपाशी सापडला. "माह्या पोराले शिजवलं तुह्या नवऱ्यानं! कोणतं तोंड घेऊन आली वं तू इथं?"

"बांधला. त्यानंच बांधला," अन्नपूर्णा म्हणाली. "पण काऊन बांधला, ते कोणी इचारलं?"

अपघाताची चौकशी चाललेल्या गोंदियाच्या कचेरीत चार खेपा घालून मिळवलेला कागद तिनं उघडला. गावानंच मिलला दिलेला अर्ज, खाली बासष्ट सह्या. तिनं मोठ्यानं वाचला. "मिलची शिट्टी पहाटे चारला वाजते. दहावीच्या मुलांची झोप मोडते. तरी शिट्टी त्वरित बंद करावी, नाहीतर गाव फाटक अडवेल."

गावाला म्हणायची होती ती पाळी बदलतानाची शिट्टी. पण मिलमध्ये तिला भोंगा म्हणतात. मिलच्या माणसाची शिट्टी एकच, बॉयलरचा वाल सुटला की किंचाळते ती.

"मॅनेजरनं पुरता न वाचताच हा कागद त्याच्या हातात देला," अन्नपूर्णा म्हणाली. "म्हणे, गाववाले गेट तोड देंगे, सीटी बंद कर. हा म्हणाला, साहेब, ते बंद करत नसते. तं म्हणे, मग उद्यापासून दुसरा फायरमन. बांधला त्यानं. घरी येऊन जेवला, मले सारं सांगतलं, अन् परत जाऊन वाफेचा दाब दाखवते त्या काट्यासमोर बसला. दोन दिवस हलला नाही तिथून."

सभेतल्या माना खाली गेल्या. लाजेनं गेल्या असं समजू नका. बासष्ट जण मनातल्या मनात आपली सही पुसत होते.

चैनलालला सगळ्यांच्या आधी वाट सापडली. "आम्ही तं सही केली फक्त. भोंगा लिव्हायच्या जागी शिट्टी कोणी लिव्हलं? अक्षर कोणाचं आहे?"

माना वर झाल्या. अन्नपूर्णाला कळलं, हे असंच होणार. या लोकांना अंगावर घ्यायला एक माणूस लागतो. दुसरा मिळाला तरच पहिल्याला सोडतील. ती खाली बसली असती तर केवळराम तिथंच राहिला असता, दगडाच्या बाहेर.

"माह्यं," ती म्हणाली. "मिनं लिव्हला अर्ज."

"तू? मिलच्या माणसाची बायको असून?"

"माह्या मोनालीची दहावी होती. तुम्ही शिट्टी म्हणता, मीही शिट्टीच म्हणत होतो लहानपणापासून. त्या दिवशी तो जेवताना म्हणाला, तुमची शिट्टी बंद केली. मी हासलो. धोका आहे म्हणाला, तं म्हटलं, पोरीची परीक्षा होऊ दे. पहाटे भोंगा वाजला तसाच. तवा समजाले पाहिजे होतं मले. नाही समजलं. खोटारडा म्हणून मनातच त्याले शिव्या देल्या अन् कूस बदलली." तिनं कागदाची घडी घातली. "पोरीनं परीक्षाही नाही देली. आता लिव्हा त्याचं नाव."

तुलसा उठून तिच्यासमोर आली. आता हात उगारते असंच वाटलं सगळ्यांना. तुलसानं तिच्याकडे पाहिलंच नाही, ती चैनलालशी बोलली.

"लिव्हा त्याचं नाव. पण ही त्या दगडाजवळ पाय नाही ठेवणार. फूल नाही, मेणबत्ती नाही. जिंदगीभर."

"मंजूर असल तं हात वर करा," चैनलाल म्हणाला.

भराभर हात वर गेले. सही केलेल्यांचे सगळ्यात आधी. अन्नपूर्णानं एकदा सगळीकडे पाहिलं, आणि आपलाही हात वर केला.