तिसरा शेरा

आमच्या बंदरावरच्या शाळेचा एक नियम आहे. गणवेश अंगात असताना कुठल्याही दुकानात पाऊल टाकायचं नाही. शाळा सुटली की आधी घर गाठायचं, कपडे बदलायचे, मग पाहिजे तिथे हिंडायचं. वाटेत कपडे बदलायलाही बंदी, कारण घरी पोचेपर्यंत तुम्ही शाळेचेच. कागदावर वाचलं तर शहाणपणाचं वाटतं. ज्याचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत आहे त्याने तो खुशाल पाळावा. शेवटच्या वर्गातल्या मिसुझुचं घर समोरच्या बेटावर आहे.

शाळा चार दहाला सुटते. बस तिला चार पस्तीसला धक्क्यावर सोडते आणि बोट चार पंचावन्नला सुटते. त्यानंतरची बोट सातला. बेटावर तिची आजी हात्सु, अर्धं अंग लुळं पडलेली. तिच्यापाशी बसणारी बाई साडेपाचच्या ठोक्याला उठून जाते. पोरीला आई नाही. बाप मालवाहू जहाजावर, चार-चार महिने घराचं तोंड बघत नाही. बेटावरचं एकुलतं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झालं. आजीला चहासुद्धा पातळ चालत नाही, ठसका लागला तर जीवावर बेतायचं, म्हणून त्यात घट्ट करायची पूड घालावी लागते. ती पूड, मऊ टोफू, काटे काढून वाफवलेला मासा, हे सगळं माझ्या दुकानात मिळतं, बोटीपासून तीसेक पावलांवर. पोरीच्या हातात वेळ वीस मिनिटं. आता तुम्हीच सांगा, घरी जाऊन कपडे बदलून तिने परत यायचं कसं, पोहत?

मी चौतीस वर्षं हे दुकान चालवतेय. सुमिए काताओका म्हटलं तर कुणी ओळखणार नाही, धक्क्यावरची तोंडाळ सुमिए म्हटलं तर लहान पोरही बोट दाखवेल. मिसुझु आत आली की मी काही न विचारता पिशवी भरायला घेते. यंदा मे महिन्यात कुणीतरी शाळेत फोन केला की तुमची मुलगी गणवेशात दुकानात फिरतेय. फोन करणाऱ्याने नाव सांगितलं नाही. पोरीच्या नावापुढे एक शेरा पडला. जूनमध्ये पुन्हा फोन, दुसरा शेरा.

इथल्या इस्पितळाची नर्सिंगची शाळा धक्क्यावरून बसने दहा मिनिटांवर आहे. मिसुझुच्या शाळेला तिथे शिफारशीची एक जागा मिळते, परीक्षा न देता थेट प्रवेश. गुणांत मिसुझु पहिली होती. पण तीन शेरे झाले की शिफारस गेली. बाहेरून परीक्षा देऊन तिथे शिरायचं तर पंधरा जागांना दोनशे पोरी. दुसऱ्या नर्सिंगच्या शाळा आहेत, सगळ्या लांबच्या शहरांत, रोज संध्याकाळी घरी परतता येणार नाही अशा. म्हणजे ही जागा मिळाली तर पोरगी नर्सही होणार आणि आजीही सांभाळणार. नाही मिळाली तर दोन्हीतलं एक सोडायचं.

दुसरा शेरा पडल्यावर ती दाराबाहेरच थांबली. म्हणाली, "काकू, मी इथेच उभी राहते. तुम्ही पिशवी बाहेर आणून द्याल का?"

"का गं? माझ्या दारात भीक मागायला आल्यासारखी उभी राहणार?" मी म्हटलं. "एवढं काय पाप केलंयस? चल, आत ये आधी."

"पण कुणी बघितलं तर?"

"बघणाऱ्याचे डोळे फुटोत. थांब, माझ्याकडे उपाय आहे."

सासूचा बाह्यांचा पांढरा एप्रन मागे खुंटीवर लटकत होता. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं झाकणारा, पाठीवर नाड्या बांधायचा. दाराशीच तो मी तिच्या अंगात घातला. गणवेश गायब! तिने काचेत स्वतःकडे बघितलं आणि फिसकन हसली.

"काकू, मी तुमची सासू दिसतेय."

"सासूला एवढं सरळ उभं राहता येत नव्हतं. टोफू कुठला देऊ, बोल."

उन्हाळ्याची सुट्टी गेली, सप्टेंबर गेला, फोन नाही. मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते कशाला, हे ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी कळलं. त्या दिवशी मिसुझु पिशवी न घेताच बोटीकडे निघाली होती. मी हाक मारली तेव्हा मागे वळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काकू, शाळेत फोन आला. मी तुमच्याकडे चोरून नोकरी करते म्हणून. एप्रन घालून."

आमच्याकडे शाळकरी पोरांनी परवानगीशिवाय नोकरी करणं हा दुकानात जाण्याहून मोठा गुन्हा. तिसरा शेरा पडला होता. शिफारशीची यादी पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी जायची होती.

दुसऱ्या दिवशी मी दुकान भाचीवर सोपवलं आणि शाळेत गेले. उपमुख्याध्यापक किरिशिमा यांनी मला चहा दिला आणि तीनदा वाकून नमस्कार केला. त्या माणसाशी भांडणं म्हणजे उशीला बुक्के मारणं.

"काताओकाबाई, आपलं म्हणणं मला अगदी समजलं."

"समजलं ना? मग शेरा काढा."

"समजलं. पण परिसरातून फोन आलाय, त्याची दखल घ्यावी लागते."

"कोण परिसर? धक्क्यावर उघडं दुकान एकच उरलंय. परिसर म्हणजे मी! आणि मी सांगतेय, ती माझ्याकडे कामाला नाही. एप्रन मी घातला तिला."

"का घातलात?"

"गणवेश दिसू नये म्हणून."

त्यांनी ते लिहून घेतलं. लिहिताना पुटपुटले, "म्हणजे गणवेश लपवण्यासाठी." माझी जीभ मीच चावली, पण आता काय उपयोग! पोरीला सोडवायला गेले आणि तिच्यावर आणखी एक कलम लावून ठेवलं.

मग माझा तोल गेला. "हा गाढव नियम काढला तरी कुणी? शाळा सुटल्यावर पोरं तुमची कशी? त्यांच्या घरी आजाऱ्याला भरवायला तुम्ही जाता का?"

किरिशिमा शांतपणे उठले, कपाट उघडलं आणि एक पिवळी पडलेली फाईल माझ्यापुढे ठेवली. बावीस वर्षांपूर्वीचा अर्ज होता. धक्क्यावरच्या व्यापारी मंडळाने शाळेला केलेला. गणवेशातली मुलं दुकानांत गर्दी करतात, सायकली दारात आडव्या टाकतात, मासिकं फुकट वाचतात, वस्तू उचलतात. तरी गणवेशात दुकानबंदी करावी ही विनंती. खाली बारा दुकानांचे बारा लाल शिक्के. नववा माझा.

मला सगळं आठवलं. दोन पोरांनी माझ्या दुकानातून सुक्या माशाची पाकिटं उचलली होती आणि मंडळाच्या बैठकीत सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले होते. अर्जातलं 'कायमची' बंदी हे माझ्या हट्टाने घातलेलं. फाईल बंद करून मी मुकाट्याने चहा प्याले.

"मंडळाने विनंती मागे घेतली तर विचार होऊ शकतो," किरिशिमा म्हणाले. "अध्यक्षांच्या शिक्क्यानिशी."

मंडळात आता होतंच कोण? दहा दुकानांची माणसं गेली, काही देवाघरी, काही मुलांकडे. मी उरले होते आणि अध्यक्ष ओगाता. हा ओगाता म्हणजे शिंपी. पन्नास वर्षं शाळेचे गणवेश त्यानेच शिवले. आता चौऱ्याऐंशीचा आहे. माझ्या समोरच, बंद दुकानाच्या वर, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेला असतो. मी तशीच त्याच्या जिन्याने वर गेले.

"ओगाताजी, शाळेत फोन कोण करतं, काही कळलंय का हो तुम्हाला?"

"मी करतो," तो म्हणाला. झाडांना पाणी मी घालतो, असं सांगावं तसं.

"तुम्ही?"

"मंडळाने काम दिलं होतं ना, लक्ष ठेवायचं. ते परत कुठे घेतलं कुणी?"

"अहो, ती मिसुझु आहे! हात्सुची नात!"

"हात्सुची?" त्याने चष्मा काढला. "बेटावरच्या हात्सुची? तिच्या पोराचा पहिला गणवेश मी शिवला होता. बाह्या दोन बोटं लांब ठेव म्हणाली होती, वाढतं अंग आहे."

"त्याचीच ही पोरगी. आजीसाठी टोफू न्यायला येते. तुम्हाला ओळखू नाही आली?"

"वरून मला चेहरा दिसत नाही, सुमिए. गणवेश तेवढा दिसतो." त्याने खाली रस्त्याकडे बोट दाखवलं. "मधे गणवेश दिसेनासा झाला. एप्रन दिसायला लागला. वाटलं, तू पोरीला कामाला ठेवलीस आणि मंडळालाही कळवलं नाहीस."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. चांगलं तोंड भरून ओरडायचं होतं, त्यासाठीच तर मी जिना चढले होते. पण म्हाताऱ्याने खण उघडून शिक्का काढलाच होता. मी अर्ज लिहिला, दोघांचे शिक्के मारले. खाली त्याने स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली की मुलगी कामाला नव्हती, फोन करणाऱ्याची चूक झाली. बुधवारी सकाळी मी कागद शाळेत नेऊन दिला. यादी जायला नऊ दिवस होते.

किरिशिमांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. वाकले. फारच मोलाचं सहकार्य, म्हणाले. नियमांच्या समितीची बैठक फेब्रुवारीत असते, तिच्यापुढे नक्की ठेवू, म्हणाले.

"आणि शेरा?"

"नोकरीचा मुद्दा आम्ही आनंदाने काढतो. पण त्या दिवशी ती गणवेश अंगात असताना दुकानात होती, हे तर आपणच सांगितलंत. आणि त्या दिवशी नियम लागू होता."

"नऊ दिवस आहेत हो हातात! नऊ!"

"आपली तळमळ मला अगदी समजते," किरिशिमा म्हणाले.

मी पुन्हा दोनदा गेले. वर्गशिक्षिकेला भेटले, ती रडली, पण तिच्या हातात काही नव्हतं. मुख्याध्यापक परगावी होते. मला त्या सगळ्यांचा राग येतो, अजून येतो. एकही दुष्ट माणूस नव्हता तिथे. प्रत्येकाला सगळं समजत होतं आणि शुक्रवारी यादी गेली. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. तिचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत आहे.

सोमवारी चार पस्तीसची बस आली. मी दाराशी जाऊन उभी राहिले, पिशवी भरून, म्हटलं आता बाहेरच देईन. मिसुझु रस्ता ओलांडून आली, माझ्या बाजूने सरळ आत गेली. गणवेश नीट, गळ्याची फीत सरळ. तिने दप्तरातून एप्रन काढून गल्ल्यापाशी ठेवला. धुतलेला, इस्त्री केलेला, चौकोनी घडी.

"राहू दे गं तुझ्याकडे."

"आता नाही लागणार, काकू." ती टोफूच्या टाकीपाशी वाकली, निवांत, जणू घाई कसलीच नव्हती. "चौथ्या शेऱ्याने काय जाणार आहे माझं?"

समोरच्या वरच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. ऑक्टोबरातल्या भर उजेडात ओगाताने तो कधी ओढलेला मी पाहिला नव्हता.

"आजीला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाली, लांबच्या शाळेत जा. मी नाही म्हटलं. मग ती दिवसभर जेवली नाही." तिने हातातला टोफू परत टाकीत सोडला. "आज जरा मऊ असलेला द्या."

मी सगळ्यात मऊ होता तो बांधला. पिशवी तिच्या हातात दिली नाही, स्वतःच उचलली आणि तिच्याबरोबर निघाले. ती म्हणाली, काकू, दुकान उघडं आहे. मी म्हटलं, असू दे. चौतीस वर्षांत दुकान उघडं टाकून मी एकदाही धक्क्यापर्यंत गेले नव्हते. मनातल्या मनात पावलं मोजली, सव्वीसच भरली; जूनमध्ये तिने पिशवी बाहेर आणून मागितली होती, तेव्हा एवढंच चालायचं होतं मला. बोटीच्या फळीवर तिला पिशवी दिली आणि परत आले, तेव्हा बोट सुटायला अजून दहा मिनिटं होती.