नरकातल्या बाईचा आवाज

चारुदत्तला आपल्या आवाजाचा अभिमान होता, आणि तो अगदीच फुकाचा होता असं नाही. पुण्यात असताना एकांकिकांमध्ये त्याने बक्षिसं घेतली होती. सांता क्लाराला आल्यावरही मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन कोण करणार, हा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. दिवसभर तो एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करायचा, पण नवीन माणूस भेटला की म्हणायचा, ‘‘मूळचा मी नाटकवाला.’’ त्याची बायको नेत्रा अशा वेळी शेजारी उभी राहून हसायची. ती मिरजेची. डिपेंडंट व्हिसावर आल्यामुळे तिला नोकरी करता येत नव्हती, गाडी अजून शिकली नव्हती, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की तिचा आवाज निम्मा व्हायचा.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये चारुदत्तच्या टीममधला अर्थित त्याच्याकडे आला. अर्थित बँकॉकचा. त्याच्या मामेभावाने तिकडे उसनवारीच्या कॅमेऱ्यावर एक भुताचा सिनेमा काढला होता आणि अर्थितला त्याची इंग्रजी डीव्हीडी करायची होती. आवाज द्यायला ओळखीपाळखीतलीच माणसं हवी होती.

‘‘नरकाच्या दाराशी एक द्वारपाल आहे,’’ अर्थित म्हणाला. ‘‘तुझ्यासारखाच आवाज हवा.’’

चारुदत्तने आठवडाभर कोमट पाण्याच्या गुळण्या केल्या. आंघोळ करताना तो द्वारपाल व्हायचा.

शनिवारी सकाळी तो अर्थितच्या घरी सनीवेलला गेला. तिथून पुढे वाणसामान आणायचं होतं म्हणून नेत्राही बरोबर होती. अर्थितने गॅरेजच्या भिंतींना जुन्या गाद्या उभ्या करून लावल्या होत्या. मित्राकडून आणलेला माइक मधोमध, समोर टीव्ही. सिनेमाची गोष्ट साधी होती. एक बस दरीत कोसळते आणि आतली माणसं नरकात अडकतात, पण आपण मेलोय हे त्यांना ठाऊकच नसतं. नरक म्हणजे एक दगडाची खाण, लाल कागद लावलेले दिवे आणि भरपूर धूर. यमदूतांचे मुखवटे बोलताना हलायचे. एका प्रसंगात माणसांना काट्यांच्या झाडावर चढवत होते, आणि तो बुंधा प्लंबिंगच्या पाइपाचा होता हे कुणालाही कळलं असतं.

‘‘अगं बाई, ही तर आपली काटेसावर,’’ नेत्रा हळूच म्हणाली.

त्या बसमधली एक बाई लहान मुलीला घरी झोपवून बाहेर पडलेली असते. सिनेमाभर ती परतीची वाट शोधत राहते. तिला आवाज देणारी मुलगी त्या दिवशी आली नाही. द्वारपालाची वाक्यं तिच्याशीच होती, म्हणून अर्थितने नेत्राच्या हातात कागद दिला. ‘‘नुसतं वाच. चारूला टायमिंग मिळालं की झालं.’’

नेत्रा माइकपुढे उभी राहिली. पडद्यावरची बाई द्वारपालाचे पाय धरत होती. नेत्राने वाचलं, ‘‘मला जाऊ द्या. ती उठेल आता. उठली की पहिल्यांदा मला शोधते.’’

वाक्यं इंग्रजीच होती, उच्चार मिरजेचे होते. ती ओरडली नाही, रडलीही नाही. दूधवाल्याला दोन मिनिटं थांबा म्हणावं तशी बोलली. पण गॅरेजमध्ये कुणी हललं नाही. समोरच्या धुरातली ती रंग फासलेली नटी एकदम खरीच कुणाची तरी आई वाटायला लागली. चारुदत्तचं वाक्य यायला हवं होतं, ते त्याने चुकवलं.

अर्थितने कानावरचा हेडफोन काढला. ‘‘हे तूच करायचंस,’’ तो नेत्राला म्हणाला.

परत येताना गाडीत चारुदत्त म्हणाला, ‘‘छान केलंस हं. फक्त थोडं प्रोजेक्शन कमी पडलं. स्टेजवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं नसतं.’’

‘‘हो का?’’ नेत्रा म्हणाली. तिने खिडकीची काच खाली केली आणि वाटभर काहीतरी गुणगुणत राहिली. लग्नाला पाच वर्षं झाली होती. त्याने तिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

पुढचे चार शनिवार असेच गेले. अर्थित नेत्राला एकेक प्रसंग दाखवायचा आणि ती पहिल्याच झटक्यात बोलून मोकळी व्हायची. चारुदत्तला मात्र तो तीनतीनदा थांबवायचा. ‘‘चारू, तू बातम्या सांगितल्यासारखं बोलतोयस. इथे एक माणूस उभा आहे, त्याच्याशी बोल.’’ तिसऱ्या शनिवारी द्वारपालाची निम्मी वाक्यं अर्थितने स्वतःकडे घेतली आणि चारुदत्तला कढईतल्या आत्म्यांच्या किंकाळ्या दिल्या. त्या त्याने इतक्या जोरात मारल्या की शेजारची म्हातारी दार वाजवायला आली. सगळे हसले. नेत्राही हसली, आणि ते हसणं त्याला दिवसभर खुपत राहिलं.

ऑफिसात जेवताना अर्थितला आता दुसरा विषय नव्हता. ‘‘कुठे शिकली रे ती?’’

‘‘कुठेच नाही. मीच थोडंफार सांगतो घरी,’’ चारुदत्त म्हणाला. खोटं बोलल्यावर त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला. घरी नेत्रा भाजी चिरतानाही वाक्यं म्हणायची. तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. आपण हिच्यावर जळतोय, हे त्याला स्वच्छ कळत होतं. दुसऱ्या एखाद्या नटाने मात केली असती तर त्याने ती गिळली असती. पण जिला सभेत आभारप्रदर्शन करायचं म्हटलं तरी घाम फुटतो, तिने काही न करता हे मिळवावं?

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी तो लवकर घरी आला. नेत्रा कपडे घेऊन खाली लाँड्रीत गेली होती. आन्सरिंग मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. त्याने बटण दाबलं. अर्थितचा निरोप होता, नेत्रासाठी. शेवटचा प्रसंग रविवारी अकराला करायचा, सोमवारी माइक परत द्यायचा आहे. त्यापुढेही तो बराच वेळ बोलत होता. चारुदत्तने ते सगळं उभ्याने ऐकलं आणि दुसरं बटण दाबलं. निरोप पुसला गेला. एवढं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी तो म्हणाला, ‘‘चल, हाफ मून बेला जाऊ, समुद्रावर.’’

‘‘आज? तुला कसं काय सुचलं रे?’’ ती इतकी खूश झाली की क्षणभर त्याला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. सांगितलं नाही. मोबाइल बंद करून त्याने खिशात टाकला. अकरा वाजता ती सलवार गुडघ्यापर्यंत वर करून थंडगार पाण्यात उभी होती आणि त्याला हाका मारत होती. तो वाळूत घड्याळाकडे बघत बसला होता.

सोमवारी अर्थितने विचारलं. चारुदत्तने सांगितलं, ‘‘तिला ताप होता. कळवायचं राहिलं, सॉरी यार.’’ अर्थितच्या बहिणीने तो प्रसंग उरकला होता. नेत्राला चारुदत्तने सांगितलं की शेवट बदलला, त्यात त्या बाईला बोलणंच नाही. ‘‘असं होय,’’ ती म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली. आठ दिवसांनी गुणगुणणं थांबलं.

जूनमध्ये एका शनिवारी दुपारी अर्थित स्वतः डीव्हीडी द्यायला आला. दारातच त्याने नेत्राला विचारलं, ‘‘तेव्हाचा ताप लवकर उतरला ना? आम्ही दीड वाजेपर्यंत वाट पाहिली तुझी.’’

नेत्राने चारुदत्तकडे पाहिलं. तो बुटांच्या रॅककडे बघत होता.

‘‘उतरला,’’ ती म्हणाली. तिने अर्थितला चहा दिला, चिवडा दिला, त्याच्या आईची चौकशी केली. तो गेल्यावर तिने डीव्हीडी लावली आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. दीड तास दोघांनी सिनेमा पाहिला. शेवटी ती बाई घरी पोचते. मुलगी उठलेली असते, खोल्याखोल्यांतून आईला शोधत असते, आणि आई तिच्या समोर उभी असून तिला दिसत नाही. ‘‘मी इथे आहे,’’ बाई म्हणते. अर्थितच्या बहिणीने ते बसथांब्यावर पत्ता सांगावा तसं म्हटलं होतं. सगळा सिनेमा तिथे पडला.

नेत्राने टीव्ही बंद केला.

‘‘मशीनवर होता ना निरोप?’’

‘‘हो.’’

‘‘पुसायच्या आधी पूर्ण ऐकलास?’’

‘‘हो.’’

‘‘मग सांग. काय म्हणाला होता तो?’’

‘‘नेत्रा, माझं चुकलं. मी खरंच...’’

‘‘ते नंतर. आधी निरोप सांग. माझा होता तो.’’

चारुदत्तला शब्दन् शब्द पाठ होता. दोन महिने तो त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. ‘‘रविवारी अकराला ये म्हणाला. आणि म्हणाला...’’ त्याने बंद टीव्हीकडे पाहिलं. ‘‘म्हणाला, मामेभावाला बँकॉकला तुझं रेकॉर्डिंग ऐकवलं. तो म्हणाला, ही बाई मी शूट केली तेव्हा मला कळलीच नव्हती, आत्ता कळली. शेवटचा प्रसंग तुझ्यासाठीच राखून ठेवलाय म्हणाला.’’

नेत्राचे डोळे भरून आले. ‘‘पुन्हा सांग,’’ ती म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितलं. एरवी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा त्याचा आवाज त्या खोलीतही नीट उमटला नाही.

संध्याकाळी नेत्राने स्वतः अर्थितला फोन करून खरं काय ते सांगितलं. डीव्हीडी छापून झाल्या होत्या, आता काही करता येण्यासारखं नव्हतं. अर्थित ऑफिसात पुढेही कामापुरता नीट बोलायचा, पण जेवायला दुसऱ्या टेबलावर बसू लागला. नेत्रा महिनाभर हॉलमध्ये झोपली. त्या महिन्यात तिने ड्रायव्हिंगचा क्लास लावला आणि स्वतःच्या नावाने मोबाइल घेतला.

ऑगस्टमध्ये मंडळाने गणपतीतलं नाटक ठरवलं. नेत्राने आपण होऊन नाव दिलं आणि तिला मोठं काम मिळालं. चारुदत्तने या वेळी नाव दिलं नाही.

एका रविवारी ती संहिता घेऊन त्याच्यासमोर आली. ‘‘समोरच्याची वाक्यं वाचशील? मधे शिकवू नकोस.’’

तो वाचू लागला. तिसऱ्या पानावर ती अशा जागी थांबली, जिथे तो कधीच थांबला नसता. चूक, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. मग तिने पुढचं वाक्य म्हटलं आणि ती का थांबली होती ते त्याला कळलं. मत्सर होता तिथेच होता. त्याने बोट ओळीवर ठेवलं आणि पुढचं वाक्य वाचलं.